कोरडवाहू कापसासाठी एआय सल्ल्याची सेवा घ्यावी का? तीन एकरांच्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळेल?

पऱ्हाटी_यवतमाळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम मी पाहतो. आमचे ३४० सभासद आहेत आणि त्यांतील बहुतेकांकडे दोन ते पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. कापूस हे मुख्य पीक, त्यात तुरीची तासे (ओळी), आणि काही शिवारांत सोयाबीन. येत्या खरिपासाठी संचालक मंडळापुढे एका खासगी सेवेचा प्रस्ताव आला आहे. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीतील ओल मोजणारे सेन्सर आणि त्यांवर आधारलेला एआयचा सल्ला मोबाइलवर, असे तिचे स्वरूप असून शुल्क एकरी वार्षिक आहे. सादरीकरणात बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर केलेल्या एआयच्या प्रयोगाचा दाखला देण्यात आला. त्या प्रयोगाविषयी मी वाचले आहे आणि मला त्याचे कौतुक आहे. परंतु ऊस हे ओलिताचे पीक, आणि आमचा कापूस आभाळाच्या भरवशावर वाढतो. तिथला फायदा इथे तसाच मिळेल का, ही शंका मनातून जात नाही.

गेल्या ऑक्टोबरमधला एक प्रसंग सांगतो. आमच्या एका सभासदाच्या पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) पाने कडेकडून लाल पडू लागली. त्याच्या मुलाने मोबाइलवरच्या एका मोफत अॅपमध्ये पानाचा फोटो टाकला. अॅपने लगेच एका बुरशीजन्य रोगाचे नाव सांगितले आणि बुरशीनाशक सुचवले. बापलेकांनी त्याच संध्याकाळी औषध आणले, दोन फवारण्या केल्या, आणि पाने लालच राहिली. तो लाल्या होता, बुरशीचा रोग नव्हता. बोंडे भरण्याच्या वेळी नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, त्यात रात्रीचा गारवा वाढला, की आमच्या हलक्या जमिनींत तो दिसतोच. औषधाचे पैसे तर गेलेच, पण मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाच्या फवारणीची वेळही त्या आठ-दहा दिवसांत निघून गेली. फोटोत पान दिसत होते. जमीन हलकी आहे आणि खताचा दुसरा हप्ता पडलेला नाही, हे फोटोत दिसत नव्हते, आणि अॅपने ते विचारलेही नाही.

तरीही मला या तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवायची नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी स्वतंत्र एआय धोरण आणले, शेतीच्या सल्ल्याचे सरकारी ‘महाविस्तार’ अॅप आले, आणि आमचे तरुण सभासद रोज त्याविषयी विचारतात. कंपनीजवळ या कामासाठी ठेवलेली रक्कम मात्र एकदाच खर्च करता येईल एवढीच आहे. ती या सेवेवर घालावी का? आणि घालू नये असे असेल, तर कशावर घालावी? अनुभवी मंडळींनी स्पष्ट लिहावे, ही विनंती.

निवृत्त_कृषी_पर्यवेक्षक

भाऊ, आपल्या प्रसंगातले ‘अॅपने ते विचारलेही नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या सगळ्या नोकरीचे सार त्यात आहे. शेतकरी पान घेऊन कार्यालयात आला की आम्ही पानाकडे नंतर पाहायचो. आधी विचारायचो की वावर कोणते, पेरा कधीचा, खत किती दिले, शेजाऱ्याकडेही हेच आहे का. निम्मे निदान त्या चार प्रश्नांतच होत असे.

आता कापसाविषयी. आपल्या भागात कापसाचा सर्वांत मोठा शत्रू गुलाबी बोंडअळी आहे. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाचे काय केले, ते आपण सर्वांनी पाहिले. ही अळी बोंडात शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून निरोगी दिसते, पानांचा हिरवेपणाही कमी होत नाही. त्यामुळे उपग्रहाला ती वेळेवर दिसण्याची शक्यता नाही. तिचा माग काढण्याचे मार्ग तीनच: फुलोऱ्यात न उमललेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या शोधणे, वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहणे, आणि कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) अडकलेले पतंग मोजणे. एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात. याचा अर्थ असा, की कोणीतरी पहाटे वावरात चालत जाऊन सापळा उघडायला हवा. ही माहिती गोळा होत नसेल, तर वर कितीही हुशार संगणक बसवला तरी त्याला खायला काही नाही.

आणि ही माहिती गोळा होत असेल, तर मात्र एआयचा खरोखर उपयोग होतो. वाधवानी एआय या संस्थेने याच कामासाठी एक अॅप तयार केले आहे. सापळ्यातील पतंगांचा फोटो काढला की ते पतंग मोजते आणि फवारणी करावी की थांबावे, हे सांगते. गावातल्या प्रत्येकाने अॅप वापरावे अशी त्यात अपेक्षा नाही. काही प्रमुख शेतकरी सापळे लावतात आणि त्यांच्या नोंदीवरून आसपासच्या शेतकऱ्यांना सल्ला जातो. मला ही रचना पटते, कारण ती आमच्या जुन्या कामाशी जुळते. २००८ मध्ये सोयाबीनवर किडींचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. निवडलेल्या गावांतील ठरावीक शेतांत निरीक्षक जात आणि त्यांच्या नोंदींवरून तालुक्यासाठी सल्ला निघे. तिची मर्यादा एवढीच, की आपले गाव त्या निवडीत नसले, तर शेजारच्या गावावरून अंदाज बांधावा लागे. ती उणीव आपली कंपनी स्वतःच्या गावांपुरती भरून काढू शकते. गावोगाव दहा-दहा शेतांत सापळे लावा, ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) दर तीन-चार आठवड्यांनी बदला आणि एका तरुणाला किंवा तरुणीला मानधन देऊन आठवड्यातून सलग तीन दिवस नोंदी घ्यायला लावा. माझ्या अंदाजाने याचा खर्च त्या एकरी शुल्कापेक्षा बराच कमी येईल.

पावसाचेही तसेच आहे. महसूल मंडळाला (काही गावांच्या गटाला) एक स्वयंचलित हवामान केंद्र असते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईचा पहिला आधार त्या केंद्राचा आकडा. मंडळाच्या गावी ४० मिलिमीटर आणि आठ किलोमीटरवरच्या आपल्या शिवारात बांध फुटून माती वाहून गेलेली, असे मी अनेकदा पाहिले आहे. गावात स्वतःचे पर्जन्यमापक असले तर सरकारी आकडा बदलणार नाही. पण पेरणीयोग्य पाऊस झाला की नाही, हे तरी आपल्याला नेमके कळेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असे आम्ही दर जूनमध्ये सांगत आलो. पण आपल्या शिवारात किती मिलिमीटर पडला, हे ज्याला ठाऊक नाही त्याने तो सल्ला पाळायचा कसा?

द्राक्षबाग_दिंडोरी

मी द्राक्ष बागायतदार आहे आणि आमच्या गटातील आठ जणांनी मिळून बागेत हवामान केंद्र बसवले आहे. आम्हाला त्याचा फायदा झाला, म्हणून तो कशामुळे झाला, हे लिहितो.

ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठीची) झाल्यानंतर पाऊस आला, तर डाऊनी हा रोग येण्याची भीती असते. पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते, यावर रोगाचा धोका ठरतो. पूर्वी आम्ही ढग दिसले की फवारणी करत होतो. आता पानाच्या ओलाव्याचा सेन्सर सांगतो की काल रात्री धोका नव्हता, आणि आम्ही फवारणी टाळतो. द्राक्षात फवारण्यांवरचा एकरी खर्च मोठा असतो, शिवाय युरोपला माल पाठवायचा तर औषधाच्या अंशाची मर्यादा काटेकोर असते. त्यामुळे टळलेल्या दोन-तीन फवारण्यांतच केंद्राच्या खर्चाचा बराच भाग निघून येतो.

आपल्या कापसात हे गणित वेगळे आहे. जमिनीत ओल नाही, हे सेन्सरने सांगितले. पण विहीर नाही, शेततळे नाही, तर पाणी द्यायचे कुठून? आकडा कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी वेगळे काय करू शकतो, हा प्रश्न प्रस्ताव देणाऱ्यांना एकेका सेन्सरविषयी विचारा. ज्या सभासदांकडे संरक्षित पाण्याची सोय आहे, त्यांच्यापुरते ओलाव्याचे सेन्सर जरूर तपासून पाहा. बाकीच्यांना त्याचे शुल्क लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेलूची_शेतकरी (वर्धा)

माझ्या घरची पाच एकर शेती मी पाहते. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. शेतकरी ओळख क्रमांक त्यांच्या नावाने निघाला, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक माझ्या पतीचा आणि पती कामासाठी नागपूरला असतात. त्यामुळे कापसाविषयीचा प्रत्येक संदेश नागपूरला जातो. निंदण मी करते, वेचणी मी आणि गावातल्या बाया करतो, आणि गेल्या हंगामात पहिली डोमकळी पाहिली तीही आमच्याच एका मजूर बाईने. तिने ती हातात घेऊन मला दाखवली तेव्हा कीड गावात आल्याचा कोणताही संदेश कुणाच्याही फोनवर आलेला नव्हता.

म्हणून आपल्या कंपनीने काहीही घेण्याआधी सभासदांची यादी पुन्हा तयार करावी, असे मला वाटते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, एवढे पुरेसे नाही. वावरात रोज कोण जाते, त्याच्याजवळ साधा फोन आहे की स्मार्टफोन, आणि तो फोन त्याचा स्वतःचा आहे की घरातल्या मुलाचा, हे लिहून घ्या. मक्त्याने शेती करणाऱ्यांची नावे तर कोणत्याच नोंदीत सापडत नाहीत, आणि चुकीच्या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होते, कारण त्यांनी मक्त्याची रक्कम आधीच भरलेली असते.

आमच्या बचत गटात मंगळवारी संध्याकाळी बैठक असते. तिथे एका फोनवर आवाजातला सल्ला मोठ्याने लावतो आणि पंधरा-वीस बाया तो एकत्र ऐकतात. कुणाला शंका आली तर लगेच बोलणे होते. लिहिलेला संदेश कितीही चांगला असला तरी तो असा एकत्र बसून कुणी वाचत नाही.

भाषा_आणि_संगणक (पुणे)

मी शेतकरी नाही. मराठीत आवाजाने प्रश्न विचारता येतील अशी कृषी सल्ल्याची प्रणाली तयार करण्याच्या कामात मी दोन वर्षे होतो, त्यामुळे आतून दिसलेल्या गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट भाषेची. आमची प्रणाली कृषी विद्यापीठांच्या मराठी पुस्तिकांवर तयार केली होती. चाचणीच्या वेळी वणीकडच्या एका काकांनी विचारले, “डवरणी झाली, आता पऱ्हाटीले काय टाकू?” प्रणालीला ‘कोळपणी’ (पिकाच्या ओळींमधली आंतरमशागत) ठाऊक होती, त्याच कामाचे विदर्भातले नाव ‘डवरणी’ ठाऊक नव्हते. तिने ते ‘फवारणी’ असे ऐकले आणि फवारणीनंतरची काळजी सांगायला सुरुवात केली. काका प्रश्न खताचा विचारत होते. उत्तराची भाषा इतकी स्वच्छ आणि आत्मविश्वासाची होती, की ऐकणाऱ्याला ती चूक कळण्याचा मार्गच नव्हता. भाषेची ही मोठी प्रारूपे ठाऊक नसलेली गोष्टही ठाऊक असल्यासारखी सांगतात, आणि शेतीत हा दोष जीवावर बेतू शकतो. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, हे मी आमच्या चमूतल्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आधी सांगत असे. कीटकनाशकाचे नाव, मात्रा आणि मिश्रण या बाबतीत यंत्राने स्वतः वाक्य रचू नये; कीटकनाशकांच्या केंद्रीय नोंदणी समितीने त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी मान्य केलेल्या यादीतूनच, शब्द न बदलता, उत्तर द्यावे, आणि यादीत नसेल तर “मला ठाऊक नाही, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारा” असे म्हणावे. आम्ही तसे बंधन घातल्यावर उत्तरे कमी झाली, पण जी उरली त्यांवर विसंबता येत होते.

तेव्हा करार करण्याआधी परीक्षा घ्या. गावातल्याच माणसांनी, त्यांच्याच बोलीत विचारलेले पन्नास प्रश्न ध्वनिमुद्रित करा. त्यांत लाल्याचा तो फोटो ठेवा, दोन औषधे एकत्र करू का, असा प्रश्न ठेवा, आणि ज्यांना योग्य उत्तर “आधी सांगा, जमीन कोणती?” हेच आहे असे काही ठेवा. उत्तरे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींशी ताडून पाहा. जी सेवा या परीक्षेला तयार होत नाही, तिच्याशी पुढे बोलू नये.

उपग्रहाविषयी वरच्या मंडळींपेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे मोफत मिळतात, त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटर चौकोन. दोन एकरांच्या वावरात असे सुमारे ऐंशी ठिपके बसतात, आणि तुरीची तासे मध्ये असली की ते मिसळतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके हवे तेव्हा, ढगांमुळे दिवसेंदिवस चित्रच मिळत नाही. रडारचे उपग्रह ढगांपलीकडून पाहतात, पण त्यातून बोंडअळी किंवा लाल्या कळत नाही. हे सगळे खरे आहे. तरीही पावसाचा मोठा खंड पडला की कोणत्या शिवाराला आधी ताण बसला, हे संपूर्ण गावाच्या पातळीवर त्यातून कळते, आणि ते कंपनीला उपयोगी आहे. त्यासाठी एकरी शुल्क देण्याची मात्र गरज नाही; हे काम कृषी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थीही करून देऊ शकेल.

एआयचा मला सर्वांत आश्वासक वाटलेला उपयोग फार साधा होता. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआयवर आधारित मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला. त्या वर्षी पाऊस २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला, लोकांना पेरणीची घाई झाली, आणि मग त्याची पुढची वाटचाल जवळपास तीन आठवडे थांबली. तो थांबा या अंदाजात आधीच सांगितलेला होता. ज्याला दुबार पेरणीचे बियाणे परवडत नाही, त्याला एवढा एक संदेश वेळेवर मिळणे मोलाचे आहे, आणि त्यासाठी त्याच्या वावरात कोणतेही यंत्र बसवावे लागले नाही.

करारातील एक बाब राहिली. सभासदांची पीक, खर्च आणि उत्पादनाची माहिती कोणाच्या मालकीची, सेवा थांबवली तर ती कंपनीला परत मिळेल का, आणि ती औषध विक्रेत्यांना किंवा सावकारी संस्थांना देता येईल का, हे लेखी मागा. “आम्ही माहिती सुरक्षित ठेवतो” हे उत्तर पुरेसे समजू नका.

पऱ्हाटी_यवतमाळ

सर्वांचे मनापासून आभार. आज संचालकांपैकी चौघांना हे सगळे वाचून दाखवले. सेवेचा प्रस्ताव सरसकट घ्यायचा नाही, यावर एकमत झाले. विहीर किंवा शेततळे असलेल्या ज्या सभासदांची तयारी आहे, त्यांच्यापुरता तो एका हंगामासाठी मागवायचा, तोही पन्नास प्रश्नांच्या परीक्षेनंतर. सापळ्यांसाठी सहा गावे निवडली आहेत. नोंदी घ्यायला तीन तरुणी आणि दोन तरुण तयार आहेत. वर्ध्याच्या ताईंच्या सूचनेप्रमाणे यादी नव्याने करायला घेतली, तर पहिल्याच गावात चाळीसपैकी सतरा घरांत वावरात जाणारी व्यक्ती आणि नोंदवलेला फोन वेगवेगळे निघाले. इतके वर्ष आम्ही संदेश कोणाला पाठवत होतो, याचा विचार करून वाईट वाटले.

पर्यवेक्षक साहेब, पर्जन्यमापकाविषयी थोडे अधिक लिहाल का? विकतचे घ्यावे की घरी करता येईल, आणि नोंद नेमकी कशी ठेवावी?

निवृत्त_कृषी_पर्यवेक्षक

शक्य असेल तर नरसाळे आणि मोजपात्र असलेले साधे प्रमाणित पर्जन्यमापक घ्या. ते होईपर्यंत सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबाही चालेल. वर रुंद आणि खाली निमुळता असा नको, नाहीतर आकडा चुकतो. डब्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजली, की तोच पाऊस. डबा उघड्यावर ठेवा. जवळचे झाड किंवा घर जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा, आणि वाऱ्याने कलंडू नये म्हणून थोडा जमिनीत पुरा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खातेही त्याच वेळी मोजते आणि मग आपला आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. मोकळा रकाना दिसला की पाऊस पडला नाही की कुणी मोजला नाही, हे पुढे कळत नाही. मोजून झाले की डबा रिकामा करून पुन्हा तिथेच ठेवा. वही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात न ठेवता मोजणाऱ्या व्यक्तीच्या घरी ठेवा आणि महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून कंपनीकडे पाठवा. मेच्या अखेरीस डबे जागेवर असू द्या, पहिला पाऊस चुकायला नको.